न्हाणीच्या पाण्यावरची वाळुंज

आमच्या भागात पाण्याच्या दोन जाती. खारं आणि गोडं. दर्यापूरकडच्या या काळ्या जमिनीत कुठंही विहीर खणा, पाणी खारंच लागतं. त्या पाण्यानं म्हैस धुवावी, भांडे घासावे, नव्या भिंतीला पाणी मारावं. पिऊ नये, आणि झाडाला तर घालूच नये. कपाशी, तूर, हरभरा सगळं वरच्या पाण्यावर येतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तरी मी घातलं, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं घातलं. कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो, कारण ज्या बाईला सांगायचं होतं ती राहिली नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा इकडचं तिकडं झालं तर समजून घ्या.

माझी घरची तेल्हाऱ्याकडची. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, मागच्या दारी नाला, आणि नाल्याला उन्हाळ्यातही घोट्याएवढं पाणी. गोडं. आमच्याकडून गेलेल्या माणसाला तो नाला पाहूनच राग यावा असा. त्या नाल्याच्या दोन्ही काठांना वाळुंजी होत्या. लांबट पान, वरून हिरवं, पोटाकडून पांढुरकं. वारा सुटला की सगळं झाड पालटून पांढरं दिसे आणि वारा थांबला की पुन्हा हिरवं. मी ते झाड लग्नाआधी पाहिलेलं नव्हतं. खाऱ्या पट्ट्यात ते नाहीच.

आमच्या लग्नात मुहूर्तमेढ चुकली. मांडवाचा पहिला खांब उंबराचा लागतो. उंबराची फांदी आणायला ज्याला सांगितलं होतं तो पत्रिका वाटायला गेला तो तिकडंच जेवून झोपला. मुहूर्त टळायला आला तसा सासऱ्यांनी विळा घेतला, नाल्यावर गेले आणि हाताला लागली ती सरळ वाळुंज तोडून खड्ड्यात रोवली. त्यांना त्या झाडाचा लळाच होता. हिवाळ्यात ते वाळुंजीचे फोक, म्हणजे लवचीक बारीक काड्या, आणून टोपल्या विणत. कापूस वेचायला आसपासच्या गावचे लोक त्यांच्याकडूनच टोपली नेत.

आमची वरात पोचली. माझ्या काकांचं पहिलं लक्ष मेढीवर गेलं. ते मांडवातच म्हणाले, "याहीबुवा, हे कोन्तं लाकूड? आमच्या पोराचा संसार बाभळीवर उभा केला असता तरी चाललं असतं." लोक हसले. सासरे बिचारे खाली मान घालून म्हणाले, "पान्यातलं झाड हाय जी. मरत नाई."

लग्न झालं, मांडव उतरला. मेढ मात्र सासऱ्यांनी काढली नाही. बकरी बांधायला बरी म्हणून तशीच ठेवली. दिवाळीला घरची माहेरी गेली आणि मी तिला आणायला गेलो, तेव्हा तिनं मला पहिल्यांदा पाणी नाही दिलं, हात धरून मागच्या दारी नेलं. मेढीला पानं फुटली होती. बकरीनं दोनदा खाल्ली होती, तरी फुटली होती. ती काही बोलली नाही. आमचं लग्न होऊन सहाच महिने झाले होते आणि ती अजून माझ्यासमोर मोकळी बोलत नव्हती. पण त्या दिवशी तिचं तोंड असं झालं होतं जसं तिनंच काही केलं.

त्या दिवशी तिनं मला नाल्याकाठानं फिरवलं आणि झाडं शिकवली. मी हसत होतो, ती शिकवत होती. तिच्या माहेरी वाळुंजीच्या तीन जाती मानत. एक बाप्या. त्याला पिवळ्या फुलांचे तुरे येतात, मांजराच्या पोराच्या शेपटीसारखे, आणि त्यावर माश्या घोंघावतात. दुसरी बाई. तिला हिरवट तुरे येतात आणि पुढं त्यातून कापूस सुटतो. तिसरी लोळी. पुरानं आडवी पाडलेली, एका बुंध्याला वीस-वीस फोक उभे राहिलेली झुडपं. टोपलीला लोळीच चांगली. आणि पाण्यात मधोमध दगडात उगवते ती शेरणी. पान वाळुंजीसारखंच, पण ती वाळुंज नव्हे. ती म्हणाली, "ते आपल्यातली नाई. लग्नात येते, जेवते, पन नात्यातली नाई."

मी म्हणालो, कापूस तर आमच्या शेतात ढिगानं होतो, त्यात नाल्याच्या झाडाला कशाला कापूस पाहिजे. ती म्हणाली, "तुमचा कापूस विकाचा. हा उडाचा."

परत येताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली. त्याच मेढीची. बसमध्ये कंडक्टरनं झाडाचं तिकीट मागितलं. मला लाज वाटली. मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो, जसं काही ही बाई माझ्यासोबतची नाहीच.

घरी आल्यावर तिनं ती काडी मागच्या अंगणात, न्हाणीजवळ रोवली. आणि तिला पाणी कोणतं घातलं, तर प्यायचं. आमचं प्यायचं पाणी तेव्हा गावाबाहेरच्या तळ्याकाठच्या विहिरीवरून येई. अर्धा कोस जाणं, अर्धा कोस येणं, डोक्यावर पितळेचा गुंड. घरात माय, बाप, मी, दोन भाऊ, सगळ्यांच्या पिण्यापुरतं आणता आणता तिची मान दुखे. त्यात ती त्या काडीसाठी एक खेप जास्त करू लागली. माय बोलली तिला. मी काही बोललो नाही. पण मला ते पाहवत नव्हतं. दुपारच्या उन्हात ती येई, गुंड उतरवी आणि मानेवरून हात फिरवी. तो हात फिरवणं मला दिसे.

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. पहाटे ती म्हशीकडं असताना मी अंगणातल्या विहिरीची बादली काढायचो आणि काडीच्या बुडाशी ओतायचो. माझा हिशेब सरळ होता. माती ओली दिसली की ती गोड्या पाण्याची खेप करणार नाही. आणि झाड तरी कसलं? पाण्यात गुडघाभर उभं राहणारं. त्याला खारं काय आन् गोडं काय. म्हैस पिते तसं पिईल.

काडी महिन्याभरात वाळली.

तिनं काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी माहेरी गेली, पुन्हा काडी आणली. मी पुन्हा पाणी घातलं. ती पुन्हा वाळली. तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. पडलाही असेल. पण आता सांगणार कसं? दोन काड्या मीच मारल्या म्हणून सांगायचं? मी आपला म्हणायचो, "तुह्या माहेराच्या झाडाले आमची हवा मानवत नाई. आनू नोको." आणि ती आणायचीच. मग मला वाटे, एवढी मान मोडून पाणी घालते, तर निदान ओझं तरी वाचवू. आणि पुन्हा बादली. मूर्खपणा म्हणा. मी मूर्खच होतो, पण बायकोचं डोकं हलकं व्हावं म्हणून मूर्ख होतो, एवढं लिहून ठेवतो.

असं किती वर्षं चाललं ते नीट आठवत नाही. पोरगा झाला, शाळेत गेला. माय गेली, बाप गेला. भाऊ वेगळे झाले. मधल्या काही वर्षी ती माहेरी गेलीच नाही, तेव्हा काडीही आली नाही. सासरे वारले त्या वर्षी मात्र दिवस करून परत येताना तिनं दोन काड्या आणल्या. त्या वर्षी मी पाणी घातलं नाही. तरी वाळल्या. तोपर्यंत ती जमीनच माझ्या बादल्यांनी मिठाची करून ठेवली होती.

मग नळ आला. धरणाचं पाणी पाइपानं गावात आलं. दोन-तीन दिवसांआड यायचं, पण गोडं. पहिल्या दिवशी बाया नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या. तिनं पहिलं काम काय केलं असेल? न्हाणीची मोरी फोडायला लावली. मोरीचं पाणी आधी रस्त्याच्या नालीत जाई. ते तिनं आडव्या चरानं मागच्या अंगणात वळवलं. मला म्हणाली, "आता सगळे गोड्या पान्यानं आंघोळ करतो ना? मंग ते पानी वाया काहून घालवाचं?" ती मिठाची माती तिनं कोपऱ्यातून दोन हात खोल काढून टाकायला लावली आणि शेतातली नवी भरली. माती मीच काढली. काढताना मान वर करून तिच्याकडं पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्या पावसाळ्यात माहेरच्या भावाला सांगून तिनं काडी मागवली. रोवली. साबणाच्या पाण्यावर झाड जगत नाही असं सगळे म्हणाले. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर ती चराजवळ उकिडवी बसलेली. तिनं मला पाहिलं आणि एकच शब्द बोलली.

"धरली."

त्यानंतर आमच्या घरच्या आंघोळीवर ती वाळुंज वाढली. कोणी पाहुणा आला की ती त्याला आंघोळीचा आग्रह करी. दुपारी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यालाही. लोकांना वाटे बाई फार सोवळी आहे. मी काही बोलत नसे. न्हाणीच्या टिनाच्या छपरावर झाड गेलं तेव्हा कळलं की ही बाई आहे, बाप्या नाही. माघ-फाल्गुनात तिचा कापूस सुटला आणि शेजारच्या अंगणात उडाला.

शेजारीण म्हणजे भिंतीपलीकडची. एकाच वर्षी लग्न होऊन आलेली, माझ्या घरचीच्या वयाची, आणि तोंडानं तिखट. तिचं वाळवण त्याच दिवसांत असे. ओल्या मुगवड्यांवर वाळुंजीचा कापूस चिकटला. ती भिंतीवरून म्हणाली, "काय वं, तुह्या झाडानं माह्या वड्याईले मिशा लावल्या. आता दाढी करून तळू का?" माझी घरची म्हणाली, मिशा आहेत तर बापे खातील. शेजारीण हसली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं आणि मग त्यांचं बोलणं तुटलं. म्हणजे मला तरी तसंच वाटलं. मीही त्या घराशी बोलणं सोडलं. आपल्या बायकोशी जी बोलत नाही तिच्याशी आपण काय बोलायचं.

दोन वर्षांपूर्वी माझी घरची गेली. आठ दिवसांचा ताप, दर्यापूरचा दवाखाना, मग अमरावतीचा. घरी आणली ती झाकूनच. बायांनी तिला मागच्या अंगणात पाटावर बसवून आंघोळ घातली. मी मागच्या दारात पाठ करून बसलो होतो. पाणी ओतण्याचा आवाज येत होता. मग मी मान वळवली तर चरातून पाणी चाललं होतं. हळदीचं, थोडं पिवळं. ते वाळुंजीच्या बुडाशी गेलं आणि मातीत मुरलं.

तेव्हापासून मला ते घर सोडणं जमत नाही. एवढंच कारण. मी आंघोळ करतो, पाणी तिथं जातं. मी नसलो तर कोण आंघोळ करील?

पोरगा अमरावतीला राहतो. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. घर भाड्याचं, पण चांगलं. तो दर महिन्याला म्हणे, बाबा, इकडं या, एकट्यानं काय करता. मी म्हणे, शेत आहे. तो म्हणे, शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं आहे. मी म्हणे, म्हैस आहे. तो म्हणे, म्हैस विकून वर्ष झालं. मग मी म्हणे, तिकडं करमत नाही. त्या पोराला मी झाडाचं कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्या बापानं झाडासाठी पोराकडं जायचं नाही, हे बोलायला जीभ वळत नाही.

यंदा चैत्रात डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. समोरचं माणूस धुरात उभं असल्यासारखं दिसे. पोरगा येऊन घेऊनच गेला. आठ दिवसांचं काम म्हणाला. जायच्या आधी मी एक प्लास्टिकचा ड्रम वाळुंजीच्या बुडाशी ठेवला, गोड्या पाण्यानं भरला, खाली भोक पाडून त्यात चिंधी कोंबली. थेंब थेंब आठ-दहा दिवस पुरेल असं. भिंतीपलीकडं शेजारीण धुणं धूत होती. तिला एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. मी बोललो नाही.

आठाचे चाळीस दिवस झाले. एक डोळा झाला, मग डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर दुसराही करून टाका. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, धूळ नको, ऊन नको. सूनबाई रोज बादलीत कोमट पाणी काढून ठेवी, टॉवेल ठेवी, वेळेवर डोळ्यात थेंब टाकी. पोरीनं काही कमी केलं नाही. मी मात्र त्यांच्या बाथरूममध्ये मानेखाली पाणी घ्यायचो आणि जाळीतून ते गुडूप होताना पाहायचो. कुठं जातं कोण जाणे. बाहेर आलो की माझं तोंड उतरलेलं असे. एक दिवस मी सूनबाईला स्वयंपाकघरात पोराशी बोलताना ऐकलं. म्हणत होती की बाबांना माझ्या घरात आंघोळसुद्धा गोड लागत नाही, माझं काय चुकतं ते तरी सांगा. मला वाईट वाटलं. तरी बोललो नाही. बोलायला पाहिजे तिथं न बोलणं हा माझा जुना रोग.

सुट्टीच्या दिवशी पोरगा मला नर्सरीत घेऊन गेला. त्याला एवढं ठाऊक होतं की आईचं एक झाड होतं. म्हणाला, तसंच एक इथं कुंडीत लावू, म्हणजे तुम्हाला करमेल. नर्सरीवाला चाळिशीतला, तोंडात खर्रा. त्यानं लोंबत्या फांद्यांचं एक रोप पुढं केलं आणि हे विलो म्हणजे तुमची वाळुंज म्हणाला. नवे डोळे होते माझे. पान पालटून पाहिलं, पोट पांढरं नाही. चुरगळून पाहिलं तर लिंबासारखा वास. मी म्हणालो, "हे वाळुंज नाई." तो म्हणाला, लोक याला विलोच म्हणतात. मी म्हणालो, "लोक मलेबी शहाना म्हनतात."

तो मोठ्यानं हसला. खर्रा थुंकून आला आणि खरं बोलायला लागला. ते लाल ब्रशसारख्या फुलांचं दुसरंच झाड होतं. मग त्यानं खुर्ची दिली आणि मोबाइलवर मला वाळुंजी दाखवल्या. मला वाटलं होतं जगात तीनच, बाप्या, बाई आणि लोळी. तो म्हणाला, शेकड्यांनी आहेत. एक अशी की तिच्या फांद्या केस मोकळे सोडल्यासारख्या पाण्यापर्यंत येतात. तिला हिंदीत मजनू म्हणतात. एक काश्मीरची, तिच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात. एकीच्या काड्या जिलबीसारख्या वळलेल्या. एकीच्या काड्या लालभडक, बर्फातही दिसतील अशा. परदेशात एक झुडूप असतं, ते दरवर्षी जमिनीपर्यंत छाटतात, मग सरळ फोक फुटतात आणि त्याच्या टोपल्या विणतात. ते ऐकून मला सासरे आठवले. त्यांना कोणी हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग मी काय वेगळं करतो? आणि एक जात बर्फाच्या डोंगरावर असते, घोट्याएवढीच. कितीही म्हातारी झाली तरी घोट्याएवढीच. जमिनीला धरून राहते.

मी त्याला तिच्या माहेरच्या तीन जाती सांगितल्या. तो म्हणाला, आजोबा, ती एकच जात आहे. त्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, आणि लोळी ही पुरानं केलेली. मी म्हणालो, असेल. पण माणूसही एकच जात आहे, तरी आपण बाप्या, बाई आणि लोळ्या ओळखतोच.

मग मी जे विचारायचं ते विचारलं. "उन्हाळ्यात पान्याबिगर किती दिस टिकते?"

तो म्हणाला, आठ-पंधरा दिवस. मग पान गाळेल. झाड मोठं असलं तर मुळं खाली जाऊन पाणी शोधतील.

"खाली खारं हाय," मी म्हणालो.

 पोरगा माझ्याकडं पाहत होता. त्यानं विचारलं, "बाबा, त्या झाडाचं एवढं काय हाय?" मी म्हणालो, काही नाही. कुंडी न घेताच आम्ही परत आलो.

डॉक्टरांनी सोडलं त्याच दिवशी मी निघालो. ऊन मी म्हणत होतं. पोरानं काळा चष्मा घालून बसमध्ये बसवलं, दर्यापूरहून जीपनं गावात आलो. कुलूप उघडलं नाही. पिशवी ओसरीत टाकली आणि बाजूच्या बोळीतून मागं गेलो. मनाची तयारी केली होती. काटकी उभी असेल, पानं खाली असतील. चाळीस दिवस, वैशाखाचं ऊन, आणि ड्रम आठ दिवसांचा.

ड्रम कोरडा होता. चिंधी वाळून काठी झाली होती.

झाड हिरवं होतं.

मी चष्मा काढून पाहिलं. काही पानं पिवळी पडली होती, दोन-चार फांद्या टोकाला सुकल्या होत्या, पण झाड हिरवं होतं. खाली वाकायची मनाई होती तरी वाकलो. माती ओली. भिंतीच्या बुडाशी पाहिलं तर एक वीट काढलेली. त्या भोकातून धुण्याचं गोडं पाणी येत होतं, साबणाचा फेस घेऊन, आणि खुरपीनं ओढलेल्या चरातून वाळुंजीकडं जात होतं. पलीकडं धोपटण्याचा आवाज चालू होता.

मी भिंतीवरून पाहिलं. शेजारीण धुणं धूत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आले का भाऊ? डोये आले का नवे?"

मी म्हणालो, आले. मग वीट तुम्ही काढली का, विचारलं.

"मंग का चोर येऊन काढून गेला?" ती म्हणाली. "चिंधी लावून गेले. त्या चिंधीनं का झाड जगते? मले सांगाले तोंड नोतं का?"

मी म्हणालो, तुमचं-आमचं बोलणं नव्हतं. ती म्हणाली की बोलणं माझ्याशीच नव्हतं. घरचीशी तर रोज होतं, मी शेतात गेलो की. भिंतीच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. वड्यांचं भांडण आठ दिवसांत मिटलं होतं. माझ्या तोंडाकडं पाहून त्या दोघींनी मला सांगितलं नाही, कारण मी तिच्या बाजूनं रागावलो होतो आणि माझ्या घरचीला ते आवडत होतं.

मी तिथंच भिंतीला टेकलो. आणि एवढी वर्षं जे बोललो नव्हतो ते त्या बाईला बोललो, का कोण जाणे. म्हणालो, वहिनी, या झाडाच्या आधीच्या साऱ्या काड्या मी मारल्या. खाऱ्या पाण्यानं. तिला कधी सांगितलं नाही.

शेजारणीनं पिळलेलं लुगडं तसंच हातात धरलं. ती हसत नव्हती.

"तिले ठाव होतं," ती म्हणाली.

तिनं ते लुगडं दोरीवर टाकलं.

"खारं पानी वाळलं का माती पांढरी पडते, भाऊ. तुमी खारपानातले, तुमाले सांगाव लागते का? तुमी शेतात गेले का तुमची घरची रोज खुरपीनं पांढरी खपली काढे आन् फेके. मी इचारलं एकडाव, का करतं वं? तं म्हने, माह्या मानेवरचा गुंड वाचावा म्हून ते चोरून पानी घालते. मी नाई म्हनलं तं त्यायच्या मनाले लागन. काडी काय, माहेरी ढिगानं हाये."

एवढं बोलून ती धुण्याकडं वळली. मी पुढं येऊन कुलूप उघडलं आणि ओसरीत बसलो. 

संध्याकाळी पोराचा फोन आला, पोचलात का म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. काडीचं, बादलीचं, तिच्या शेवटच्या आंघोळीचं, सगळं. त्यानं मध्ये एकदाही हं केलं नाही, म्हणून मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, "बाबा, हे पह्यलेच सांगाचं ना. हे रोज रडते, बाबाले मी आवडत नाई म्हून." मी म्हणालो, तिच्याकडं दे. सूनबाईला म्हणालो की पोरी, तुझं काही चुकलं नाही, तुझ्या पाण्याची वाट चुकली. तिला काही समजलं नसेल. मी म्हणालो, पावसाळा लागला की मी याच झाडाची काडी घेऊन येतो. तुमच्या घरामागं मोकळी जागा आहे तिथं रोवू, घरमालकाला विचारून. बाथरूमचं पाणी तिकडं काढायला प्लंबरला सांग. काडी धरली की मी राहायला येईन. इथं वीट काढलेली आहेच.

ती म्हणाली, "आन् नाई धरली तं?"

"तं दुसरी आनू," मी म्हणालो. "माहेरी ढिगानं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत बसलो. चाळीस दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं. बादली संपली तर दुसरी भरून घेतली आणि तीही घेतली. पाणी चरातून चाललं होतं आणि भिंतीच्या भोकातून पलीकडचंही येत होतं. दोन्ही पाणी झाडाच्या बुडाशी एकत्र होत होतं. मी ओल्या अंगानं तिथं उभा राहिलो. वारा आला आणि सगळं झाड पालटून पांढरं झालं.